गुडघ्याला बांधलेला चुंबक

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण मी फार हळू बोलतो, मधेच हसलात तर ऐकू येणार नाही. माझ्या येडेपणानं नातीची पीएच.डी. बुडता बुडता राहिली.

माझी नात प्रज्ञा लोखंडाचे कण बनवते. इतके बारीक, की एकेक दिसतच नाही. त्यांच्यावर ती प्लॅस्टिकसारखा थर चढवते, म्हणजे ते पाण्यात एकमेकांना चिकटत नाहीत, तळाशी बसत नाहीत. एकदा म्हणाली, "आबाजी, पुढं कधी या कणांवर औषध चढवतील. बाहेरून चुंबक धरला, का औषध दुखत्या जागी जाईन."

"पुढं कधी" एवढं मी ऐकलंच नाही. कळमन्याच्या बाजारात पोती वाहून वाहून कामातून गेलेला माझा गुडघा काय थांबणार होता? म्हातारीला दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. त्यातली एक रोज गिळू लागलो. जुन्या रेडिओच्या भोंग्यातला चुंबक फडक्यानं गुडघ्याला बांधला. पायजम्याच्या आत कोणाला दिसतो? रोज गोळी घ्यायची, बांधलेला गुडघा दाबून पाहायचा. दुखणं औषधालाही नाही.

नवव्या दिवशी प्रज्ञाची शेवटची परीक्षा. बाहेरगावचे सर आलेले. तिनं मला पहिल्या रांगेत बसवून काळ्या पाण्याची कुपी दिली. "सांभाळा आबाजी. मागितली का द्या."

घसरू नये म्हणून मी ती गुडघ्याला टेकवून घट्ट धरली. तासभर.

मग तिनं कुपी उंच धरली. "सर, महिना झाला, यात काहीच खाली बसलेलं नाही."

पाणी नितळ. सगळं काळं एका कडेला जमलेलं. पोरीचा चेहरा उतरला.

सर म्हणाले, "तुमचा थर तर टिकला नाही."

चार वर्षांची मेहनत हो तिची. मी उठलो. "साहेब, पोरीची चूक नाही जी." आणि पायजमा वर केला.

बाहेरचे, इथले, सगळे सर वाकून पाहू लागले. इथल्या एकानं विचारलं, "हे काहून बांधलं, बाबा?"

मी गोळ्यांसकट सांगितलं. सरांनी कुपी माझ्यापासून लांब नेऊन हलवली. पाणी पुन्हा काळं झालं, आणि काळंच राहिलं.

"थर पक्का आहे," सर म्हणाले. "चुंबकानं तासभर ओढूनही कण एकमेकांना चिकटले नाहीत." पोरगी पास.

मग त्यांनी मला विचारलं, "आणि गुडघा?"

"एकदम बरा, साहेब."

प्रज्ञा माझ्या पायाकडे पाहतच राहिली. "आबाजी, तुमचा तर उजवा दुखते ना? हा डावा आहे."

"उजवा वाकतच नाही वं माय," मी म्हणालो. "त्याले बांधू कसा?"