बॉनेटमध्ये पिकत घातलेली केळी

"मला घरचं राजेळी केळं खायचंय," असा कमळचा निरोप आला आणि आमचा वटार ते वज्रेश्वरी प्रवास ठरला. कमळ माझी धाकटी बहीण. वज्रेश्वरीजवळच्या खेड्यात दिलेली, तेव्हा सातव्या महिन्यात. रविवारी दुपारी तिचं ओटीभरण होतं. तिच्या लग्नातच मी तिच्या सासूबाईंना सांगून बसले होते, "आमच्या बागेतली केळी एकदा खाल, तर साखर विसराल!" बोलायला माझं काय जातं? आता पिकलेला माल सगळा मुंबईला गेलेला, आणि घरात उरलेल्या फण्या हिरव्यागार.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. तिकडे जाणाऱ्यांनी रस्त्याची माहिती माझ्याकडून घेऊ नये. मला मैलाचे दगड तेव्हाही वाचता येत नव्हते, आणि आज मी सांगतेय ते नात बरोबर टिपतेय का, हेही मला कळायला मार्ग नाही. मी नाकाने प्रवास करणारी बाई. माझ्या नाकाचा मला भारी गर्व होता. तो कुठे जिरला, तेच सांगते.

शेजारच्या पास्कूदादाने जुनी मोटार घेतली होती. "रविवारची चर्चमधली मिस्सा आटपली की निघू, वहिनी," म्हणाला. सकाळी मोटार अंगणात उभी राहिली, त्याने बॉनेट उघडलं आणि आतून ऊब आली. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. दोघेही बागायतदार. केळी पिकायला ऊब लागते आणि बंद जागा, आणि इथे दोन्ही एकत्र!

"आमच्या चुलीपाशी पण एवढी ऊब नाय," पास्कूदादा म्हणाला.

सुक्या पानांत गुंडाळून दोन फण्या त्यानेच इंजिनाशेजारी केळीच्या खोडाच्या सोपटाच्या दोरीने बांधल्या. आमचे हे ओट्यावरून एवढंच म्हणाले, "मोटार आहे ती, कोठीची खोली नाही." यांना बागेतलं काही कळत नाही, असं मी सगळ्या वाडीला सांगत असे. तेव्हाही सांगितलं.

सोपाऱ्यापर्यंत थंडीची मजा होती. विरारच्या रेल्वे फाटकात आगगाडी जाईपर्यंत थांबलो, भाजलेल्या शेंगा घेतल्या. फुलपाड्याला तेव्हा नुसती भातखाचरं, कापणी झालेली. तिथे मला पहिल्यांदा वास आला, जळक्या रबराचा.

"पास्कूदादा, तुझ्या चपला!" मी सांगून टाकलं. त्याच्या चपलांना टायरचे तळवे होते. "पाय कुठेतरी गरम पत्र्याला लागतोय तुझा."

बिचाऱ्याने चपला काढून माझ्याकडे दिल्या आणि अनवाणी मोटार हाकायला लागला. वास तसाच. मग त्याने उतरून चारही चाकांना हात लावून पाहिला. चाकं थंड. हाताचा ब्रेक पाहिला, तोही सुटलेला.

"बॉनेट उघडून बघा," हे म्हणाले.

आम्ही दोघे एकदम ओरडलो, "नाही!"

पिकत घातलेला माल मध्येच उघडायचा नसतो. ऊब गेली की केळी दडस, अर्धकच्ची राहतात. हे वटारातलं शेंबडं पोरही सांगेल.

"अहो, वास केळ्यांचा असता तर मला कळला नसता का?" मी म्हटलं. "हा रबराचा आहे. केळ्यांचा आणि रबराचा काय संबंध?"

"बरोबर," पास्कूदादा म्हणाला.

"बरोबर," हेही म्हणाले, आणि शेंगा सोलत बसले.

शिरसाड फाट्याला गुळाचा चहा घेतला. तिथून वज्रेश्वरीचा रस्ता चढउताराचा आणि खड्ड्यांचा. पहिल्याच चढाला पुढून डुकराचं पिल्लू पकडावं तशी किंचाळी आली, मग वाफ. मोटार थांबली. ऊन डोक्यावर आलेलं, कमळ पाटावर बसायची वेळ जवळ येत चाललेली. मग मीच म्हटलं, "उघडा."

दोरी सैल होऊन एक फणी खाली घसरली होती. पंख्याच्या रबरी पट्ट्याखाली दोन केळी पार चेंदली होती. लगद्यावरून पट्टा घसरत होता, घासून घासून जळत होता. पंखा धड फिरेना, पाणी उकळलेलं.

"केळ्यांचा आणि रबराचा हा संबंध," हे म्हणाले. आयुष्यभरात इतकं गोड बोलणं मी त्यांच्याकडून ऐकलेलं नाही.

पास्कूदादाने इंजिन निवू दिलं. नारळाच्या काथ्याने लगदा खरवडला, यांच्या नव्या उपरण्याने पट्टा आणि चाकी कोरडी पुसली. पट्ट्याची एक कड जळली होती, पण तुटला नव्हता. पान्याने तो ताणून घट्ट केला. मी ओढ्यावरून पाणी आणलं, तेही त्याच्या चपला घालून, कारण माझ्या चपला गडबडीत अंगणातच राहिल्या होत्या. वास गेला.

पोचलो तेव्हा कमळ पाटावर बसलेली, सासूबाई वाटेकडे डोळे लावून. उरलेली फणी मी पदराखालून काढली. बाहेरून काळी, आतून वाफवलेली, वर पेट्रोलचा सुवास.

"हीच का ती साखर विसरायला लावणारी?" सासूबाई म्हणाल्या.

मी जमिनीत शिरायला जागा शोधत होते. कमळने मात्र एक केळं सोललं, डोळे मिटून खाल्लं, मग दुसरं. "ताई," ती म्हणाली, "अशी कशी गं केलीस? अजून आहेत?"

येताना बॉनेट रिकामं आणि आम्ही सगळे शहाणे होतो. आज जाल तर थंडीत जा, वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसा, आणि कुणाला काही कबूल केलं असेल तर ते मांडीवर घेऊन जा. वटारात परत येऊन मी यांचं उपरणं तीनदा धुतलं. केळ्याचे डाग काही गेले नाहीत.

कमळला मुलगी झाली. आता ती मुलगीही आजी झाली आहे. अजूनही तिची मोटार पेट्रोलपंपावर थांबली, की सगळे काचा वर करतात आणि ती खाली करते.