कडकताईचं स्टूल

तुम्ही शेवटचं कुणाला आळशी म्हणालात? आठवा नीट, मी थांबते. मी धुलाई कामगारांच्या संघटनेचं काम करते. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात झालं, आणि तो शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. ते का, हे कळायला कडकताई माहीत पाहिजे.

कडकताई एका मोठ्या धुलाईखान्यात इस्त्री करते. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे शर्ट, सगळं तिच्या हाताखालून जातं. "हिच्या बाहीच्या घडीने भाजी चिरावी," असं तिची नणंद म्हणते. ही नणंद त्याच दालनात कपड्यांच्या घड्या घालते, आणि ती कुणाचं उगाच कौतुक करणाऱ्यांतली नव्हे. इस्त्री कडक, म्हणून नाव कडकताई. बाई मात्र कडक नव्हती. एक टोपली संपेपर्यंत हात शिशासारखे जड व्हायचे, पोटऱ्या थरथरायच्या, आणि ती भिंतीला पाठ लावून फरशीवर बसायची. जरा वेळाने उठायची, पुन्हा इस्त्री धरायची.

लहानपणापासून हेच. शाळेत खेळाच्या तासाला कडेला बसायची म्हणून पोरी 'पाटलीण' म्हणायच्या. सासरी जिना चढताना मध्येच टेकायची म्हणून नणंदेने 'राणीसाहेब' केलं.

इस्त्रीच्या दालनात बसायचं नाही, असा तिथला नियम. मुकादमाने किती दिवस काणाडोळा केला, पण शेवटी तोही वैतागला. म्हणाला, "तीन महिने संपले की तू खाली तळघरात, मोजे जुळवायला. तिथे बस पाहिजे तेवढी."

तळघरात गेलेला माणूस परत वर आलेला कुणी पाहिला नव्हता. कडकताई माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मोजे काय, कुणीही जुळवेल. माझ्यासारखी इस्त्री दुसरं कोण करतं ते दाखवा."

मी तिला घेऊन दवाखाने पालथे घातले. एक डॉक्टर म्हणाला अशक्तपणा. दुसरा म्हणाला मनाचे खेळ, त्याच्याशी माझं जोरात वाजलं. तिसऱ्या होत्या स्नायूंच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं, इथेच मी अर्धी निवळले. मग रक्त तपासलं, स्नायू तपासले, आनुवंशिक तपासणीला नमुना पाठवला, आणि निकाल आल्यावर आम्हाला समोर बसवून सांगितलं.

"हात उचलायचा म्हटलं की स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटतं. तो निरोप असतो, आवळ म्हणून. काम झालं की ते परत पेशीतल्या कोठारात जातं. पण प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, ताकद तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या समजा. थोडं कॅल्शियम त्यांच्याही आत शिरतं, तेव्हा त्यांना कळतं की काम वाढलंय, जाळ वाढवा."

"मग हिच्या भट्ट्या विझल्यात का?" मी विचारलं.

"नाही. भट्टीच्या दारावर राखणदार असतो. बाहेर कॅल्शियम कमी असेल तर दार बंद, वाढलं की उघडं. यांचा राखणदार जन्मापासून बिघडलेला आहे. आराम असतानाही कॅल्शियम आत झिरपत राहतं, आणि ते बाहेर फेकण्यातच ताकद खर्च होते. खरं काम आलं की भट्टी आधीच दमलेली."

कडकताईने विचारलं, "औषध?"

"राखणदार दुरुस्त करणारं अजून नाही. शोध चालू आहे. कारण हे दार सगळ्यांसाठीच महत्त्वाचं. हृदयाच्या झटक्यातही कॅल्शियम भट्ट्यांत भसाभस घुसतं आणि पेशी मरतात. तुम्ही दमायच्या आधी बसायचं. दमल्यावर नाही, आधी."

बाहेर आल्यावर कडकताई पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. "म्हणजे मी आळशी नाही?"

"नाही."

"सासूबाईंना कुणीतरी सांगा हो."

सांगितलं सगळ्यांनाच, पण दालनात पोचला तो एकच शब्द: कॅल्शियम. झालं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या टेबलावर दूध, दही, कुणाच्या घरच्या गोळ्या, कुणी अंड्याच्या टरफलांची पूड पुडीत बांधून आणलेली. नणंद तर दुधाचा पेला घेऊन समोर उभी.

"पी."

"वन्सं, सकाळीच प्यायले मी."

"राणीसाहेब, नाटकं नकोत. हाडं बघ तुझी."

तिला नाही म्हणता येईना. इतकी वर्षं टोमणे मारणारी माणसं एकदम माया करायला लागली, तर ती मोडायची कशी? नणंदेची पाठ वळली की पेला धुलाईखान्याच्या भट्टीखोलीतल्या मांजरीच्या बशीत. मांजर अशी फुगली, की भट्टीवाला म्हणायला लागला, पिल्लं होणार. तो बोका होता. शेवटी नणंदेने वहिनीला बशीत दूध ओतताना पकडलं आणि तावातावाने मला बोलावून घेतलं.

"आम्ही जीव काढून दूध आणतोय, आणि हिने बोका पोसलाय."

मी तापलेच. "अहो, रक्तात कॅल्शियम ठणठणीत आहे तिच्या. कमी नाहीच मुळी. जिथे जपून जायचं तिथे नको तेव्हा जातंय."

"मग कमी काय आहे?"

"राखणदार." आणि मी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

नणंदेने बोक्याची बशी पायाने बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणजे ही जिन्यात बसायची ती..."

"हो."

"आणि मी लग्नापासून हिला..." वाक्य तिने सोडूनच दिलं. वहिनीकडे न बघता म्हणाली, "दमायच्या आधी बसायचं ना? मग माझ्या टेबलाशी बस. एक टोपली तू इस्त्री कर, दुसरी मी करते. तेवढ्यात तू बसून घड्या घाल."

"वन्सं, तुमची इस्त्री म्हणजे..."

"वाकडी येते, माहितेय. चादरी मी घेते. शर्ट तुझे."

घड्यांचं टेबल त्यांनी दोघींनीच ओढून इस्त्रीच्या टेबलाशेजारी लावलं. कडकताई एका उलट्या टोपलीवर बसून घड्या घालू लागली. नियम उघडउघड मोडला होता. तीन महिने संपले त्या दिवशी मी फलक रंगवून, पंचवीस बाया गोळा करून फाटकात उभी. मुकादम आला, दालनात गेला, मी त्याच्या मागोमाग. तो कितीतरी वेळ बघत राहिला. काम तुंबलेलं नव्हतं. हॉटेलवाल्याची शर्टांबद्दल तक्रार नव्हती. उलटी टोपली मात्र तिच्या वजनाने चेमटली होती.

"टोपल्या मोडताय तुम्ही," तो कुरकुरला. स्वतःच्या खोलीत गेला आणि तिथलं उंच स्टूल उचलून आणलं. "ह्यावर बस. तळघराचं राहू दे."

माझी घोषणा घशातच राहिली. जरा वाईट वाटलं, फलक चांगला झाला होता.

कडकताई अजून दमते. जिना तिला अजून डोंगर वाटतो. पण तिचं टेबल तिचंच आहे, आणि नणंद 'राणीसाहेब' म्हणते ती आता स्टूल पुसून देताना.

तुमच्याकडे कुणी दिवसभर उभ्याने काम करत असेल, दुकानात, कारखान्यात, स्वयंपाकघरात, तर उद्या तिथे एक स्टूल ठेवा. डॉक्टरचा कागद मागू नका, कारण विचारू नका. आणि कृपा करून त्या स्टुलावर पिशव्या ठेवू नका.