घरच्या हातांची मजुरी

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी नेदरलँड्समध्ये मावळातल्या लहान भातशेतकऱ्यांवर पीएचडी करत होते. नवऱ्याची हेगमध्ये आयटीतली नोकरी, घर शेजारच्या फोरबर्गमध्ये, आणि मी ट्रेनने विद्यापीठात जाऊन येऊन. विषय सरळ होता. एकरभर भात लावणाऱ्याला त्यातून काय सुटतं, आणि पाणी, खत, श्रम यांतलं काय वाया जातं.

माझे मार्गदर्शक डच होते, तोंडावर बोलणारे. तिसरं प्रकरण वाचून त्यांनी मला बोलावून घेतलं.

"घरच्या माणसांची मजुरी तू फार कमी धरली आहेस. ती शहरातल्या दराने धर. बहुतेक शेतं तोट्यात निघतील."

"आणि मग?"

"मग तसं लिही. एवढ्याशा तुकड्यावर सगळं घर राबतं, ही श्रमांची उधळपट्टी आहे. त्यांनी भातशेती सोडावी."

मी मावळातलीच. गुडघाभर चिखलात वाकून लावणी केलेली. म्हटलं, "लावणीच्या दिवसांत आमच्या गावचा रस्ता ओढ्याखाली जातो. तेव्हा शहरातली मजुरी आम्हाला कोण देणार? आणि पेंढा विकला जात नाही म्हणून तुम्ही त्याची किंमतच धरत नाही. तो नसला तर उन्हाळ्यात गुरांसाठी वैरण विकत घ्यावी लागते."

"या तुझ्या आठवणी झाल्या," ते शांतपणे म्हणाले. "अभ्यास नव्हे."

ते मला लागलं. घरी नवरा म्हणाला, "अगं, ते म्हणतात तसं कर आणि मोकळी हो. डिग्री हातात आली की हवं ते लिही."

"प्रबंधावर नाव माझं असणार आहे," मी म्हटलं. "त्यांचं नाही."

पावसाळ्यात मी पुन्हा मावळात गेले. ज्या घरांची माहिती आधी घेतली होती त्याच घरांत जाऊन विचारलं, लावणी नसती तर या दिवसांत दुसरं काय काम मिळालं असतं? बहुतेकांना प्रश्नच कळेना. एक बाई रोपांची जुडी सोडता सोडता म्हणाली, "ताई, काम असतं तर गेलो नसतो का?"

खत वाया जातं, हे मार्गदर्शकांचं म्हणणं मात्र खरं निघालं. शेतात वरवर फोकून टाकलेला युरिया पावसाबरोबर ओढ्याला जात होता. काही घरांनी त्यावर उपाय केला होता. चार रोपांच्या मधे युरियाची गोळी हाताने चिखलात खोल दाबायची. खत कमी लागत होतं आणि भात जास्त येत होतं. पण शेतभर वाकून गोळ्या दाबायला माणसं लागतात. ज्यांना मार्गदर्शक उधळपट्टी म्हणत होते, तेच हात खत वाचवत होते. हे दिसलं तेव्हा मी बांधावर उभी राहून एकटीच हसले.

परत आल्यावर प्रकरण नव्याने लिहिलं. ते वाचून मार्गदर्शक म्हणाले, "गोळ्यांचं पटलं. मजुरीचं नाही."

"मग शहरातल्या दराचा तुमचा आणि गावात खरंच मिळणाऱ्या मजुरीचा माझा, दोन्ही हिशेब शेजारी शेजारी छापू. तुमचा एकट्याचा मी छापणार नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर हे प्रकरणच काढून टाकते. बाकीच्यांवर डिग्री द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा."

त्यांनी बराच वेळ पानं चाळली. मग म्हणाले, "दोन्ही."

जाहीर परीक्षेच्या दिवशी मी पैठणी नेसून उभी राहिले. काळे झगे घातलेल्या परीक्षकांपैकी एकाने विचारलं, "तुम्ही शेतकऱ्याची मुलगी आहात. हा दुसरा हिशेब मायेपोटी आलाय का?"

"शहरातला मजुरीचा दर कुठून आला, हे पहिल्या हिशेबाला कोणी विचारलं नाही," मी म्हटलं. "मला का विचारता?"

सभागृहात कोणी तरी खाकरलं. परीक्षकाने मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला.

डिग्री मिळाली. हातात हात घेऊन मार्गदर्शक म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी एका संस्थेने आपल्या अहवालासाठी फक्त पहिला तक्ता मागितला, तोट्याचा. मी कळवलं, दोन्ही छापणार असाल तर देते. त्यांचं उत्तर आलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.