फाटकाची पांढरी पट्टी

डोंगराला लागलेला वणवा वस्तीत उतरला, त्याला आठ महिने झाले होते. तेवढ्या काळात शिवणवाली मावशी त्या दिवसाविषयी कुणापाशी एक शब्द बोलली नव्हती. एरवी ती बोलकी. गळ्याचं माप घेता घेता गिऱ्हाइकाच्या घरची खबर काढणारी. आता पत्र्याच्या तात्पुरत्या खोलीत, कुणीतरी दिलेल्या जुन्या मशीनवर ती दिवसभर पडदे शिवत बसे. विचारलं तर म्हणे, "बरं आहे." ते खोटंही नव्हतं. रडू येत नव्हतं, झोप लागत होती. जेवणाची चव तेवढी कळत नसे.

दर मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात जळीतग्रस्तांची बैठक भरे. बाहेरून आलेले समुपदेशक दोन महिन्यांत परतले, तेव्हा निवृत्त नर्सबाईंनी ती सुरू केली. "ज्याचं जळतं त्यालाच कळतं," त्या म्हणाल्या, "तेव्हा आपलं आपणच पाहू." नियम एकच होता: सल्ला द्यायचा नाही. पहिल्या दिवशी कुणीच तोंड उघडेना, तेव्हा बेकरीवाला म्हणाला, "तीस वर्षं मी ओरडत होतो, आच वाढवा, आच वाढवा. शेवटी कुणीतरी ऐकलं." माणसं हसली.

पुढे बाईंनी जोड्या लावल्या. जोडीदाराच्या दारावर रोज सकाळी थाप मारायची, कचेरीत किंवा दवाखान्यात त्याच्यासोबत जायचं. मावशीच्या वाट्याला बसचालक आला. गल्लीतल्या घड्याळवाल्या आजोबांचा, म्हणजे नानांचा, तो मुलगा. आजोबा आगीत गेले होते.

मावशी उठून बाईंच्या टेबलापाशी गेली. "माझी जोडी बदला."

"का गं? पितो का तो?"

"नाही."

"मग राहू दे. इथे काय सोयरीक जुळवतोय आपण?"

मावशी जागेवर येऊन बसली.

आगीच्या दिवशी अग्निशमन दलाने सांगितलं होतं, की घर रिकामं केल्यावर फाटकाला पांढरं कापड बांधा, म्हणजे जवानांचा वेळ तिथे जाणार नाही. अस्तराच्या ताग्यातून पट्ट्या मावशीनेच फाडल्या. घाईत बरेच जण न बांधताच निघून गेले, म्हणून उरलेल्या फाटकांना तिने स्वतः बांधल्या. आजोबांना ऐकू फार कमी येई. त्यामुळे हाका मारत बसण्यापेक्षा दारातल्या चपला पाहायच्या, ही गल्लीची जुनी सवय. चपला असल्या तर आजोबा घरात, नसल्या तर बाहेर. त्या दुपारी चपला नव्हत्या. मावशीने पट्टी बांधली, गाठ घट्ट आवळली. जवान त्या फाटकावरून पुढे गेले.

बसचालकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो रोज कामावर जाताना दोनदा थाप मारी.

"मावशी, आहात ना?"

"आहे."

"मग मी जातो. नसता तर थांबलो असतो."

असे सहा आठवडे गेले. मग एका सकाळी तो भरपाईचा एक अर्ज घेऊन आत आला आणि मशीनवर कोपर टेकवून बसला.

"कचेरीतले म्हणतात, आमच्या फाटकाला पट्टी होती. म्हणजे नानांनीच बांधली आणि परत आत गेले. घड्याळं सोडवली नसतील त्यांच्याच्याने. म्हातारा भ्रमिष्ट झाला होता, असं लिहून सही करतो आणि संपवतो."

मावशीने कापड सुईखालून काढून घेतलं. "नानांनी नाही बांधली. मी बांधली."

"तुम्ही?"

"दारात चपला नव्हत्या. मी हाक नाही मारली."

त्याने अर्ज मशीनवर पालथा ठेवला. "आदल्याच आठवड्यात कुत्र्याने एक चप्पल पळवली होती," तो म्हणाला. "मीच म्हटलं होतं, नाना, आत ठेवत जा."

बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली. ती भरेपर्यंत दोघे बसून होते.

"मग काय लिहू?"

"मी सांगते तसं लिही. माझं नाव घाल."

त्याने लिहिलं, घडी केली आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेला. त्यानंतर तीन सकाळी दारावर थाप पडली नाही. मावशीने पडदे शिवले.

मंगळवारी तिने वर्गात उभं राहून सगळं सांगितलं. आवाज पडद्याची लांबी सांगावी तसा सपाट होता. कुणी सल्ला दिला नाही. मग बेकरीवाला म्हणाला, "शेजारच्या घराला मीही बांधली होती. आत डोकावलो नव्हतो. ते आधीच बाहेर पडलेले निघाले, एवढाच फरक." आणखी दोन हात हळूच वर झाले. बाईंनी वहीत नवा नियम लिहिला: पुन्हा वणवा आला तर पट्टी ज्याची त्याने बांधायची, आणि निघण्यापूर्वी जोडीदाराला डोळ्यांनी पाहायचं.

"ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय?" मागच्या बाकावरून बसचालकाने विचारलं. तो कधी येऊन बसला ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. "अशांची यादी करायला हवी. मावशींना घरं माहीत आहेत. मी बरोबर जाईन."

मावशीने होकारार्थी मान हलवली. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

बुधवारी दोघे निघाले. रांगेतल्या पहिल्याच खोलीत एक ठार बहिरी म्हातारी राहत होती. बसचालकाने दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, मग यादीत खूण करायला पेन काढलं.

"नाहीयेत बहुतेक. परतताना बघू."

"तू इथेच थांब," मावशी म्हणाली आणि पदर खोचून खोलीच्या मागच्या खिडकीकडे गेली.