मावशींनी न सोडलेला बाण

धामणगाव बढ्याच्या मैदानावर मी धनुष्य उचललं की अख्खा मोताळा तालुका दारं लावून घेई, एवढा भारी माझा नेम! माझी उंची पाच फूट, पण धनुष्य मात्र सगळ्यांत मोठं हवं.

एका बाजाराच्या दिवशी एक भाजीवाली वांग्यांची टोपली खाली ठेवून बघत राहिली.

"बापू, तू त्याले वढून राह्यला, का ते तुले? हात पसर."

माझे पसरलेले हात तिनं वितीनं मोजले आणि मैदानावरच्या धनुष्यांतलं सर्वांत लहान हाती दिलं. "हे तुयं. खांदा खाली ठिव, कोपर वर."

मी सोडला, तर बाण चक्क निशाणाच्या गोलात!

"मावशी, तुमाले कसं ठाऊक?"

"शायेत नेमात पयली होती मी. लगन झालं, सुटलं."

मी धनुष्य पुढं केलं. तिनं पदर खोचला, बाण लावला, दोरी ओढून हनुवटीला टेकवली. वारासुद्धा थांबला, देवाशप्पथ! मग तिनं दोरी हळूहळू सैल केली.

"सोडा ना, मावशी!"

"नाही बापू. सोडला तं उद्या पुन्हा यावं वाटीन."

तेव्हापासून ती मैदानाचा रस्ता टाळून, पार नाल्याकडून वळसा घालून बाजारात जाते.