जावयाची मगर

माझ्या सासरी जावयाचं काहीही चुकत नाही. तशी त्या घरची पद्धतच आहे.

लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं चिंचवडला राहायला गेलो होतो. रविवारचे पोहे झाले आणि सासऱ्यांनी पेपरातलं शब्दकोडं टेबलावर पसरलं. कंपनीतून रिटायर झाल्यापासून अचूक उत्तरं पाठवणाऱ्यांच्या यादीतलं त्यांचं नाव एकाही आठवड्याला हुकलं नव्हतं. (हे सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा माहीत होतं.) त्यांनी मोठ्या मनानं बॉलपेन माझ्या हातात दिलं.

"एखादा शब्द तुम्ही लिहा, जावईबापू."

"टणक पाठीचा जलचर, तीन अक्षरी," बायकोनं वाचलं.

"मगर," मी म्हणालो आणि लिहूनही टाकलं. चांगलं गिरवून, ठळक!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, सगळे माझ्या हुशारीनं दिपले.

"बाबा, पण ते..." बायकोनं तोंड उघडलं. सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, ती पुढची ओळ वाचू लागली.

माझ्या 'म'खाली उभा शब्द होता, कोशिंबिरीत घालतात ती. "मकडी," सासरे म्हणाले आणि त्यांनी तसं लिहिलं. 'र'खाली लग्नातली मिरवणूक आली. तिची 'ररात' झाली.

"ररात?" मी विचारलं.

"आमच्या माहेरी, चाकणकडं, तसंच म्हणत्यात," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही चहा घ्या अजून."

दुपारी जेवून आडवा झालो आणि डोळे मिटताच समोर कासव आलं. मागोमाग काकडी आणि वरात. मी ताडकन उठून बसलो. माझ्यामुळे सासऱ्यांचं नाव यादीतून जाणार! त्याच पेपराचा दुसरा अंक आणून कोडं गुपचूप बरोबर भरायचं ठरवलं. "पाय मोकळे करून येतो," असं सांगून भर उन्हात स्टेशनजवळच्या पेपरवाल्याकडे गेलो.

"संपला," तो म्हणाला. "तुम्ही काकांचे जावई ना? आज काय आलंय हो पेपरात? मगाशी काका दुसरा अंक घेऊन गेले. मग काकू आल्या. शेवटचा आत्ताच ताईंनी नेला."

घरी आलो तर तिघंही शांतपणे चहा पीत बसलेले. कोड्याचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

पुढच्या रविवारी यादीत सासऱ्यांचं नाव आलं. सासूबाईंचं आलं. बायकोचंही आलं. सासऱ्यांचा फोन आला, "तुमचा पायगुण, जावईबापू." मला अगदी भरून आलं.

आजही सासरी कोड्याचा पहिला मान माझाच असतो. फक्त हातात पेन्सिल देतात. टोक मात्र सासरे स्वतः करतात.