अण्णांच्या मागचे साळवेकाका

साळवेकाका माणसाला पाठीवरून ओळखत. समोरून नाही. समोरून कुणी हसत आलं, नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली, तरी काकांच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण दिसत नसे. तो माणूस वळून चालू लागला, की मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक येई, "आरं, भानुदास हाय व्हय! मग मघाशीच पाठ दाखवायची ना." लग्नकार्यात याची फार पंचाईत व्हायची. त्यांच्या पत्नी मार्थाकाकू शेजारी उभ्या राहून कानात नावं सांगत असत, आणि तरीही काका नवरदेवाच्या बापाला आचारी समजून पंगतीची चौकशी करत.

तिसगावच्या शाळेतून निवृत्त होऊन मी श्रीरामपूरला राहायला आलो, तेव्हाची गोष्ट. नव्या घराचं कुलूप काही केल्या उघडत नव्हतं. मागून आवाज आला, "उजवा खांदा पाडून उभं राहता. वझ्याची पिशवी त्याच हातात धरून लई चालला असाल." मी वह्यांचे गठ्ठे घेऊन आयुष्यभर चाललो होतो, हे खरंच होतं. वळून बघितलं तर उंच, सडपातळ, पांढऱ्या भुवयांचे एक गृहस्थ कुंपणापाशी उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला समोरून पाहून विचारलं, "कोन पाहिजे?"

त्यांचं नाव योसेफ साळवे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण ही झाली पोटापाण्याची नोकरी. त्यांच्या लेखी त्यांचं खरं आयुष्य मोटारसायकलींच्या शर्यतीत गेलं. दुसरं महायुद्ध संपून बरीच वर्षं झाली होती, तरी लढाईत वापरलेल्या गाड्या मिलिटरीच्या लिलावात निघत. नगरच्या कॅम्पातून अशी एखादी बीएसए गाडी उचलायची, तिचे दिवे, मडगार्ड, सगळं काढून टाकायचं आणि पळवायची, असा तो काळ. काका सांगत, "आमची गाडी नागडी असायची. आमी तेवढे कपडे घालायचो." लांबची शर्यत असली तर टाकी रिकामी करून, गोणपाटात आणि पेंढ्यात बांधून गाडी रेल्वेच्या पार्सलनं जायची. पार्सल ऑफिसातल्या नोकरीचा काकांना तेवढाच फायदा. स्वतःची गाडी ते स्वतःच बांधत, स्वतःच चढवत आणि पावतीवर बारीक अक्षरात 'नाजूक माल' असं लिहीत.

तेव्हा शर्यत बंद इंजिनानं सुरू व्हायची. निशाण पडलं की गाडी ढकलत पळत सुटायचं, उडी मारून एका बाजूनं बुड टेकवायचं, क्लच सोडायचा, इंजिन फुरफुरलं की मग टांग टाकायची. हे सांगताना काका खुर्चीतून उठत. काकू आतून ओरडत, "बसून सांगा." काका बसत, पण डावा हात क्लचवरच राही.

मी एकदा मोबाईलवर त्यांना हल्लीची शर्यत दाखवली. गुडघा जमिनीला घासत वळणारी ती पोरं त्यांनी बराच वेळ पाहिली. मग फोन परत देत म्हणाले, "हुशार हायेत. पन सगळे टाकीवर झोपलेत, आन पाठीवर जाहिराती. मानूस कसा कळायचा?"

माणूस म्हणजे रंगनाथ वाबळे. बेलापूरचे बागायतदार, सगळ्यांचे अण्णा. घरचा ऊस, हाताशी दोन गाड्या, आणि अंगात वाऱ्याचा वेग. काका आणि अण्णा एकाच वर्षी शर्यतीत उतरले आणि तेव्हापासून जिथे जिथे दोघं उतरले, तिथे अण्णा पुढे आणि काका त्यांच्या मागे. काकांना याचं वाईट वाटायचं का? मी विचारलं होतं. ते म्हणाले, "वाईट कसलं, गुरुजी? पुढच्याला काय दिसतं? नुसता रस्ता. मला अण्णा दिसायचे. वळनाच्या आधी त्यांचं डावं कोपर बाहेर यायचं. त्यांना सोताला ठाव नव्हतं. मी शिकलो त्या कोपरावरनं."

त्या काळाच्या आठवणी सांगणारे बहुतेक लोक आठवणीत हळूहळू स्वतःला पुढे सरकवतात. आमच्या शाळेत एका शिक्षकांनी हुतूतूचा एकच सामना दर वर्षी थोडा थोडा करून शेवटी एकट्यानं जिंकला होता. काका तसे नव्हते. बाजारपेठेतल्या हॉटेलात कुणी, "काका, तुम्ही तर चॅम्पियन होता म्हणे," असं म्हटलं की ते चहा खाली ठेवत आणि समजावून सांगत की नाही, चॅम्पियन वाबळे, मी त्यांच्या मागे. एखाद्यानं अण्णा दहा हात पुढे होते असं सांगितलं, तर "चार. दहा न्हाई," असं म्हणून दुरुस्त करत. खोटं बोलण्यातही एक सैलपणा लागतो, तो त्यांच्यात नव्हता.

पण एक शर्यत त्यांनी जिंकली होती. एकच. तिचा विषय ते स्वतः काढत नसत. दुसऱ्यानं काढला तर मात्र सावकाश, कडेकडेनं, संपूर्ण सांगत.

ती साखर कारखान्याच्या तळावर झाली होती. गळीत हंगाम संपला की उसाच्या बैलगाड्यांचा तळ मोकळा पडे आणि तिथे मातीत गोल आखून शर्यत लावत. धुळीचा फार त्रास. म्हणून साखर काढून उरलेली काळी मळी पाण्यात मिसळून टँकरनं मैदानावर मारत. धूळ छान बसे, वासानं माश्या येत, बाकी तक्रार नव्हती. त्या वर्षी पाहुणे मंडळी पांढरेशुभ्र कपडे घालून एका वळणापाशी मांडवात बसली होती. कारखान्याच्या लोकांना वाटलं, पाहुण्यांच्या अंगावर कण उडायला नको. म्हणून त्या वळणावर त्यांनी मळी जास्त मारली, आणि पाणी कमी. ऊन चढलं तसं ते वळण चिक्कीच्या पाकासारखं झालं. अण्णा पुढे होते. त्यांचं कोपर बाहेर आलं, पुढचं चाक त्या पाकात रुतून वाकडं झालं आणि ते पाहुण्यांच्या समोर आडवे झाले. मागून येणाऱ्या काकांनी चाक वाकडं होताना पाहिलं आणि गाडी बाहेरच्या कोरड्या मातीवर काढली. अण्णांची हासळी, गळ्याखालचं हाड, मोडली. काका पहिले आले.

बक्षीस म्हणजे साखरेचं अर्धं पोतं. साखर रेशनवर मिळण्याचे दिवस. मार्थाकाकू नव्यानं लग्न होऊन आलेल्या आणि त्यांनी पाहिलेली ती पहिली आणि शेवटची शर्यत. पोतं घरी आलं तेव्हा शेजाऱ्यांच्या आधी मुंग्यांना कळलं, असं त्या सांगत. वाट्या भरभरून साखर त्यांनी गल्लीत वाटली. त्यामुळे झालं असं, की त्या विजयाचा कप नाही, फोटो नाही, काही नाही. काका, काकू, अण्णा आणि त्या दिवशीचा एखाददुसरा म्हातारा यांना आठवत होतं, तेवढाच तो उरला.

अण्णांना विसर पडू लागला तो वयाच्या ऐंशीनंतर. आधी नावं गेली, मग नातवंडं, मग जेवलो की नाही ते. त्यांची सून सुनंदा काकांच्या घरी येऊन त्यांना म्हणाली, की अण्णा दिवसभर घरात येरझारा घालतात, कुणालाच ओळखत नाहीत, फक्त गाडीचा आवाज आला की थांबतात. तुम्ही येऊन बसाल का. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, गाडी चालवायची बंदी. म्हणून दर रविवारी चर्चहून आले की मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून बेलापूरला नेऊ लागलो. वाटेत ते माझ्या पाठीवर आणि चालवण्यावर शेरे मारत. ते इथे देत नाही.

काका अण्णांसमोर बसत आणि त्यांना त्यांच्याच शर्यती सांगत. कुठे निशाण पडलं, कोण आधी उडी मारून बसलं, अण्णांनी कुठल्या वळणावर कुणाला मागे टाकलं. अण्णांच्या येरझारा थांबत. हात मांडीवर वळे, गाडीची मूठ पिळल्यासारखा. सुनंदा म्हणायची, आठवड्यातून तेवढा तासच ते स्वस्थ बसतात आणि त्यानंतर पोटभर जेवतात.

एका रविवारी अण्णांनी स्वतःच विचारलं, "कारखान्याच्या तळावर आपुन पळालो हुतो ना? मी पुढं हुतो. मांडव आला. मग काय झालं?"

काकांनी नेहमीप्रमाणे खरं ते सांगितलं. तुम्ही पडलात, हासळी मोडली, मी पुढे गेलो. अण्णांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. खांदा धरून ते रडू लागले. पडल्याचं दुःख त्यांना त्या क्षणी झालं, ताजं. दोन दिवस ते जेवले नाहीत, असं सुनंदानं फोनवर सांगितलं. आणि पुढच्या रविवारी आम्ही ओसरीत पाय ठेवला तर अण्णांचा पहिला प्रश्न तोच, "मांडव आला. मग काय झालं?" आदल्या वेळचं काहीच आठवत नव्हतं. काकांनी विषय बदलून पाहिला, दुसरी शर्यत काढली, पण अण्णा मांडवापाशीच अडकले होते. काकांनी चुकवत चुकवत पुन्हा खरं सांगितलं आणि अण्णा पुन्हा पडले.

तिसऱ्या रविवारीही अण्णांनी विचारलं. काका जमिनीकडे बघत म्हणाले, "चाक घसरलं. पन तुमी डावा पाय टाकला आन गाडी सावरली. मी मागंच हुतो. तुमी पयले आलात, अण्णा."

अण्णांनी मोठा श्वास सोडला. मग म्हणाले, "तू कितवा आलास?"

"दुसरा."

"बरं पळालास," अण्णा म्हणाले, आणि काकांच्या गुडघ्यावर थाप मारली.

परतताना पुलावर मी स्कूटर थांबवली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, काका, तुमच्यापाशी जिंकलेली तेवढी एकच होती. काका नदीकडे बघत म्हणाले, "मग काय करू, गुरुजी? दर आइतवारी त्यांना पाडू?"

त्यानंतर दीड-दोन वर्षं दर रविवारी अण्णा कारखान्याच्या तळावर जिंकत राहिले. ज्यांना चारचे दहा हात झालेले खपत नसत, ते काका त्या खोट्या शर्यतीत हळूहळू तपशील भरू लागले. अण्णांना टाळ्या मिळाल्या, साखरेचं पोतं मिळालं. मला ते ऐकवत नसे. सुनंदा स्वयंपाकघरात चहा करत असे, कप घेऊन येई आणि काही न बोलता काकांच्या हातात देई. काकूंना घरी सगळं माहीत होतं. आजारी माणसाला काय सांगायचं ते सांगा, एवढंच त्या म्हणत.

अण्णा गेले. दशक्रियेला नदीकाठी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे लाउडस्पीकर, सतरंज्या आणि भाषणं होती. तालुक्याचे पुढारी अण्णांबद्दल बोलता बोलता पाटपाण्यावर घसरले. मग सूत्रसंचालकांनी सांगितलं, की अण्णा आयुष्यात एकही शर्यत हरले नाहीत, आणि त्यांचे जुने सोबती साळवे आता दोन शब्द बोलतील. काका माइकपाशी गेले. गर्दीतून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "कारखान्यावर तूच जिंकला हुता ना रं, योसेफ?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "अण्णांना मी कायम मागनं पाह्यलं. त्या दिवशीबी मी मागंच हुतो." आणि खाली उतरून आपल्या जागी येऊन बसले.

परतताना रिक्षात काकू बाहेर तोंड करून बसल्या होत्या. उतरताना म्हणाल्या, "आजाऱ्याला शर्यत दिली, ते मी समजले. गावाला कशाला द्यायची हुती?" काका म्हणाले, "तोंडातून गेलं गं. सवय लागली." काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, म्हणून मी पटकन माझ्या घरात गेलो. त्या विषयावर दोघांचं पुढे कधी बोलणं झालं, असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षी काका गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. दफनविधीनंतर घरी प्रार्थनेला माणसं जमली. पाळकसाहेबांनी काकांच्या नोकरीबद्दल, सचोटीबद्दल चांगलं सांगितलं आणि शेवटी, त्यांना शर्यतीचा छंद होता, यश मिळालं नाही तरी त्यांनी कधी खंत केली नाही, असं म्हणाले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या बसूनच म्हणाल्या, "एकदा जिंकले हुते. मी पाह्यलंय."

पाळकसाहेबांनी मान हलवली, दुःखातल्या माणसाच्या बोलण्याला हलवतात तशी. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्या आधी दारापाशी बसलेली सुनंदा उठून काकूंजवळ आली.

"खरंय, काकू," ती म्हणाली. "मी लग्न करून आले त्याच वर्षी अण्णांनी सांगितलं हुतं. म्हनाले, मला आयुष्यात एकानंच हरवलं, योसेफनं, आन ते मळीमुळं न्हाई, त्याची नजर चांगली म्हनून. काका दर रविवारी उलटं सांगायचे ना, तवा मी आत चहा टाकत सगळं ऐकायचे. अण्णा जेवतील म्हनून गप ऱ्हायले."

काकूंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना ऐकू येईल असं."